पहिली ऑटोमेशन टेस्ट: हिरवी करण्याआधी लाल करून बघा

मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनकडे वळू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सेलेनियम शिकू की प्लेराइट?" (दोन्ही ब्राउझर आपोआप चालवणारी टूल्स आहेत.) माझं उत्तरही ठरलेलं आहे: आधी कागद-पेन घ्या. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, पण कागदाचं कारण पुढे येईलच.

मी स्वतः आता टेस्ट कमी लिहिते. टेस्ट लिहिणाऱ्यांसाठी टूल्स, फ्रेमवर्क आणि पाइपलाइन (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे रात्रभरात लाल, म्हणजे फेल, झालेल्या सगळ्या टेस्ट सकाळी माझ्या टेबलावर येतात. त्यातल्या किती खरा बग सापडल्यामुळे लाल आहेत आणि किती उगाच, यावर माझा दिवस कसा जाणार ते ठरतं. म्हणून हा लेख थोडा उलट्या बाजूने लिहिला आहे. टेस्ट पास कशी करायची हे यूट्यूबवर कुणीही शिकवेल. ती फेल झाली तर तिच्यावर विश्वास ठेवता येईल, अशी कशी लिहायची ते इथे बघू.

एक सूचना आधीच: आज्ञा मी उच्चारते तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये आणि कोडमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाईप करायच्या.

टूल कोणतं?

सेलेनियमचा जन्म २००४ चा, शिकागोतला. थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स कंपनीच्याच अंतर्गत वापराचं, वेळ आणि खर्च नोंदवायचं वेब अॅप्लिकेशन बनवत होते. तेच तेच हाताने तपासायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये एक रनर लिहिला. तेव्हा बाजारात मर्क्युरी (म्हणजे पारा) या कंपनीच्या महागड्या टेस्टिंग टूल्सचा दबदबा होता. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, या विनोदातून नाव पडलं. पुढे सायमन स्टुअर्ट यांचा, ब्राउझर बाहेरून चालवणारा वेबड्रायव्हर प्रकल्प त्यात विलीन झाला, आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. प्लेराइट बरंच नंतरचं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं.

नवशिक्याला रोजच्या वापरात जाणवणारा फरक वाट बघण्यातला आहे. सेलेनियमला एखादं बटण शोधायला सांगितलं आणि ते त्या क्षणी पानावर नसलं, तर तो लगेच हात वर करतो. किती वेळ आणि कशासाठी थांबायचं ते तुम्ही सांगायचं. प्लेराइट क्लिक करण्याआधी स्वतःच बघतो की बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू स्थितीत आहे का, त्याच्यावर दुसरं काही आडवं आलेलं नाही ना. त्यामुळे शिकायला मी प्लेराइट सुचवते. मात्र तुमच्या प्रोजेक्टवर आधीच जावा आणि सेलेनियमचा वर्षानुवर्षांचा कोड असेल (आणि पुण्या-मुंबईत असे प्रोजेक्ट पुष्कळ आहेत), तर मुकाट्याने सेलेनियम शिका. खालचं बहुतेक सगळं तिथेही लागू पडतं.

पायरी १: कागद

सरावासाठी सॉसडेमो डॉट कॉम ही साइट घ्या. टेस्टिंगच्या सरावासाठीच बनवलेलं हे एक खोटं दुकान आहे, आणि ते चालवणाऱ्या सॉस लॅब्सच्या संस्थापकांमध्ये तेच जेसन हगिन्स आहेत. लॉगिनची नावं आणि पासवर्ड त्याच पानावर खाली छापलेले असतात. दुसऱ्याच्या चालू साइटवर स्क्रिप्ट सोडू नका. तिकिटांच्या नाही, बँकेच्या तर मुळीच नाही. शिकण्याच्या नादात तुमचा आयपी ब्लॉक होईल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब समजा.

आता आधी सगळं हाताने करा: स्टँडर्ड यूझरने लॉगिन, बॅकपॅक कार्टमध्ये, चेकआउट, शेवटची बेरीज. कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे तुम्ही काय केलंत, उजवीकडे काय झाल्यावर तुम्हाला कळलं की ते झालं. उजवा रकाना भरताना माणूस अडतो. "लॉगिन झालं" हे तुम्हाला कशावरून कळलं? पत्ता बदलला म्हणून? प्रॉडक्ट्सची यादी आली म्हणून? वर कार्टचं चित्र दिसलं म्हणून? माणूस हे न बोलता ओळखतो, स्क्रिप्टला ते सांगावं लागतं. डावा रकाना कोणतंही रेकॉर्डर टूल लिहून देईल. पगार उजव्या रकान्याचा मिळतो.

पायरी २: मांडामांड

मी पायथॉन धरून चालते. वेगळं फोल्डर करा, त्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरती पायथॉनची वेगळी जागा) बनवून चालू करा, मग 'पिप इन्स्टॉल पायटेस्ट-प्लेराइट' आणि त्यानंतर 'प्लेराइट इन्स्टॉल'. ही दुसरी आज्ञा अर्धी मंडळी विसरतात आणि ब्राउझर सापडत नाही म्हणून अर्धा दिवस घालवतात. प्लेराइट स्वतःच्या आवृत्तीला जुळणारे क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट वेगळे उतरवून घेतो, म्हणून ती लागते.

फाइलचं नाव 'टेस्ट अंडरस्कोर' ने सुरू करा, आतल्या फंक्शनचंही तसंच, म्हणजे पायटेस्टला (टेस्ट शोधून चालवणारं पायथॉनचं टूल) ती आपोआप सापडते. फंक्शनला 'पेज' हा पॅरामीटर दिला की प्रत्येक टेस्टला कोरा करकरीत ब्राउझर टॅब मिळतो, कुकीज वगैरे काही नसलेला. चालवताना सुरुवातीला 'हेडेड' आणि 'स्लोमो ५००' हे पर्याय द्या. ब्राउझर डोळ्यांसमोर उघडतो आणि प्रत्येक कृतीनंतर अर्धा सेकंद थांबतो. पहिल्यांदा ते बघताना मजा वाटते, खोटं कशाला बोला.

पायरी ३: लॉगिनची टेस्ट, आणि लगेच ती पाडणं

टेस्ट पाच-सहा ओळींची आहे. 'गोटू' ने पान उघडा. 'गेट बाय प्लेसहोल्डर' ने यूझरनेमची चौकट धरून 'फिल' करा, पासवर्डचंही तसंच. 'गेट बाय रोल' ने (रोल म्हणजे घटकाचं काम: बटण, लिंक वगैरे) लॉगिन बटण धरून 'क्लिक' करा. शेवटी 'एक्स्पेक्ट' लावून तपासा की पत्त्यात 'इन्व्हेंटरी' आलं आहे आणि 'प्रॉडक्ट्स' हे शीर्षक दिसतंय. चालवा. हिरवी.

आता पासवर्डमधलं एक अक्षर बदला आणि पुन्हा चालवा. लाल झाली पाहिजे. मग पासवर्ड परत नीट करा आणि अपेक्षित शीर्षक चुकीचं लिहा. पुन्हा लाल झाली पाहिजे, आणि या खेपेला वेगळ्या कारणाने. दोन्ही वेळा एरर शेवटपर्यंत वाचा. काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं, हे त्यात स्पष्ट कळतंय का?

याबाबतीत मी हट्टी का आहे, ते सांगते. माझ्या पहिल्या प्रोजेक्टवरची एक चेकआउटची टेस्ट आठ महिने रोज हिरवी होती. एके दिवशी ऑर्डरचं बटणच चालेनासं झालं, ग्राहकांचे फोन सुरू झाले, आणि टेस्ट हिरवीच. उघडून पाहिलं तर शेवटची तपासणीची ओळ कुणीतरी डीबग करताना कॉमेंट करून, म्हणजे बंद करून, ठेवली होती. कुणीतरी म्हणजे मीच. आठ महिने ती टेस्ट पानावर फेरफटका मारून परत येत होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: रिव्ह्यूला टेस्ट पाठवताना ती मुद्दाम पाडल्याचा स्क्रीनशॉट सोबत हवा.

लॉगिनची दुसरी टेस्ट 'लॉक्ड आउट यूझर' ने लिहा. तिथे लॉगिन होऊ नये आणि खातं बंद असल्याचा संदेश दिसावा. नकार तपासणाऱ्या टेस्ट नवशिके टाळतात, पण चुकीच्या माणसाला आत घेतलं तर त्याची किंमत जास्त असते.

पायरी ४: लोकेटर, म्हणजे बोट दाखवण्याची कला

बॅकपॅक कार्टमध्ये टाकायचं आहे. 'अॅड टू कार्ट' नावाचं बटण शोधायला सांगितलंत तर प्लेराइट तक्रार करेल की अशी सहा बटणं आहेत, नेमकं कोणतं? याला स्ट्रिक्ट मोड म्हणतात. ही तक्रार ऐकून वैतागू नका, ती तुमच्या भल्याची आहे.

इथे सगळेजण जो शॉर्टकट घेतात तो म्हणजे 'फर्स्ट': सहातलं पहिलं घे. आज चालेल. मग दुसरी वस्तू टाकायला 'एनटीएच एक', म्हणजे दुसरं बटण (मोजणी शून्यापासून), घ्याल आणि तिसरीच वस्तू कार्टमध्ये जाईल. कारण पहिलं बटण दाबल्यावर त्याचं नाव बदलून 'रिमूव्ह' होतं. आता 'अॅड टू कार्ट' नावाची पाचच बटणं उरली आणि सगळ्यांचे क्रमांक एकाने सरकले. लोकेटर म्हणजे धरून ठेवलेली वस्तू नव्हे. तो शोधण्याचा पत्ता आहे, आणि वापराल त्या प्रत्येक वेळी तो नव्याने शोधला जातो.

योग्य रीत माणूस सांगतो तशीच आहे: "ज्या कप्प्यात बॅकपॅक लिहिलंय, त्यातलं बटण." आधी वस्तूंचे कप्पे धरा, 'फिल्टर' लावून बॅकपॅकचा मजकूर असलेला एक निवडा आणि त्याच्या आतलं बटण दाबा. उद्या वस्तूंचा क्रम बदलला तरी टेस्ट तशीच चालते.

माझा पसंतीक्रम असा: आधी रोल आणि नाव, मग लेबल किंवा प्लेसहोल्डर, मग टेस्टसाठी खास ठेवलेला अॅट्रिब्यूट (पानाच्या कोडमध्ये घटकाला लावलेली खूण). ब्राउझरमधून कॉपी केलेला लांबलचक एक्सपाथ शेवटी, आणि शक्यतो नाहीच. डिव्हच्या पोटात डिव्ह, त्याच्या पोटात तिसरा स्पॅन अशा पत्त्याने तुम्ही फक्त पानाचा आजचा सांगाडा पाठ केलेला असतो. रोलने शोधण्याचा आणखी एक फायदा आहे. बटण रोलने सापडलंच नाही, तर स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या माणसालाही ते बटण म्हणून कळत नसण्याची दाट शक्यता आहे. तो बग आहे, नोंदवा.

टेस्टसाठीचा अॅट्रिब्यूट प्लेराइट मुळात 'डेटा-टेस्टआयडी' नावाने शोधतो. सॉसडेमोवर त्याचं नाव 'डेटा-टेस्ट' आहे, त्यामुळे सेटिंगमध्ये ते एकदा सांगावं लागतं. तुमच्या प्रोजेक्टवर असे अॅट्रिब्यूट नसतील तर डेव्हलपरकडे मागा. चहाच्या वेळी मागितलेले लवकर मिळतात.

पायरी ५: वाट बघणं

'टाइम डॉट स्लीप पाच' लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. हिशोब करा: २०० टेस्ट, प्रत्येकीत असे तीन स्लीप, म्हणजे ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं नुसतं बसून राहणं. शिवाय सर्व्हर ज्या दिवशी सहा सेकंद घेईल त्या दिवशी टेस्ट पडणारच. वाट घड्याळाची बघू नये, घटनेची बघावी. कागदावरचा उजवा रकाना आठवा, घटना तिथेच लिहिल्या आहेत.

प्लेराइट आपोआप थांबतो म्हणून बिनधास्त राहू नका. लोकेटरवर 'काउंट' किंवा 'इज व्हिजिबल' विचारलंत तर तो त्याच क्षणी जे आहे ते सांगतो, थांबत नाही. यादी सर्व्हरवरून यायची असेल तर उत्तर शून्य मिळेल. तेच 'एक्स्पेक्ट' मध्ये 'टू हॅव्ह काउंट सहा' असं लिहिलंत, तर सहा होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा बघत राहतो, मुळात पाच सेकंदांपर्यंत. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच. पहिलीमुळे टेस्ट कधी पास, कधी फेल होते. आमच्या भाषेत ती फ्लेकी झाली.

सेलेनियममध्ये हेच काम 'वेबड्रायव्हर वेट' करतो. तो दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतो. सॉसडेमोवर 'परफॉर्मन्स ग्लिच यूझर' आहे, लॉगिननंतर मुद्दाम काही सेकंद रेंगाळणारा. तुमच्या टेस्ट एकदा त्याच्या नावाने चालवा, कुठे घड्याळावर विसंबलात ते उघडं पडेल.

पायरी ६: बेरीज खरोखर तपासा

चेकआउटच्या शेवटच्या पानावर बॅकपॅकची किंमत २९.९९ डॉलर, कर २.४० आणि एकूण ३२.३९ दिसेल. नवशिका '३२.३९ दिसतंय का' एवढंच तपासतो. त्यापेक्षा पानावरून किंमत आणि कर उचला, संख्या करा, बेरीज करा आणि एकूण रकमेशी ताडून बघा. मात्र दशांशांसाठी 'फ्लोट' वापरू नका, 'डेसिमल' वापरा. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ नाही म्हणणाऱ्या संगणकाशी वाद घालण्यात दुपार जाते.

किमतीनुसार क्रम लावण्याची टेस्ट लिहिताना आणखी एक खड्डा आहे. किमती मजकूर म्हणून ताडल्या तर १५.९९ हे ७.९९ च्या आधी येतं, कारण एक हा अंक सातापेक्षा लहान. मग अॅप बरोबर आणि टेस्ट चूक. असा बग तावातावाने नोंदवून डेव्हलपरसमोर तोंडघशी पडलेले लोक मला माहीत आहेत.

पायरी ७: अॅप मराठी असेल तर

हा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा सापडत नाही, म्हणून जरा रेंगाळते.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एकच अक्षर म्हणूनही साठवता येतो, आणि र अधिक नुक्ता अशा दोन खुणांनीही. दिसायला तंतोतंत सारखा. टेस्टमध्ये एक प्रकार आणि डेटाबेसमध्ये दुसरा असेल तर तुलना फेल, आणि एररमध्ये अपेक्षित व प्रत्यक्ष शब्द डोळ्यांना एकच दिसतात. अशा वेळी वेड लागायची पाळी येते. पायथॉनमधलं 'युनिकोडडेटा डॉट नॉर्मलाइझ' एनएफसी पद्धतीने वापरलं की हे दोन प्रकार एक होतात. पण तिसराही प्रकार आहे: र, हलन्त आणि अदृश्य झिरो विड्थ जॉइनर. तोही दिसतो तसाच, आणि नॉर्मलाइझने तो पहिल्या दोघांशी जुळत नाही.

तरी टेस्टमध्ये सरसकट नॉर्मलाइझ घालून मोकळे होऊ नका. ग्राहकाने एका कीबोर्डवरून टाईप केलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डवरून शोधल्यावर सापडत नसेल, तर चूक अॅपची आहे. ती टेस्टने झाकायची नाही, दाखवायची.

आकड्यांचंही तसंच. 'मोबाइल नंबर' किंवा 'रक्कम' या चौकटीत देवनागरी अंक टाकून बघा. पायथॉनचा 'इंट' १२३ हे देवनागरीतलंही निमूट वाचतो. जावास्क्रिप्टचा 'नंबर' मात्र ती संख्याच नाही म्हणतो. म्हणजे फ्रंटएंड (ब्राउझरमधला भाग) आणि बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) यांची मतं वेगळी असू शकतात. आणि ब्राउझर कॉन्टेक्स्टचं (टेस्टसाठी उघडलेल्या ब्राउझर-सत्राचं) लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग, मराठी-भारत ठेवलंत तर लोकेलनुसार मांडलेल्या रकमा १,२३,४५६ अशा देवनागरीत येऊ लागतात. इंग्रजी आकडे धरून लिहिलेल्या तपासण्या मग पटापट लाल होतात.

पायरी ८: सीआयवर, म्हणजे पाइपलाइनवर, चढवणं

लॅपटॉपवर चालणारी टेस्ट पाइपलाइनमध्ये पडते, याची कारणं बहुतेक वेळा तीनच: मशीन हळू आहे, स्क्रीन लहान आहे, किंवा घड्याळ वेगळं आहे. तिसऱ्याने मला सर्वांत जास्त छळलं. एका प्रोजेक्टवर 'आजचे व्यवहार' ही टेस्ट रात्री दोनच्या रनमध्ये हटकून पडायची, आणि सकाळी दहाला पुन्हा चालवली की हिरवी. आठवडाभर आम्ही सर्व्हरवर संशय घेतला. शेवटी कळलं की सीआयचं मशीन यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागच्या वेळेवर) होतं. आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंत तिथे अजून कालचाच दिवस असतो. टेस्ट पायथॉनला 'आज' विचारत होती आणि पायथॉन प्रामाणिकपणे कालची तारीख सांगत होता.

प्लेराइटच्या कॉन्टेक्स्टला टाइमझोन 'एशिया/कोलकाता' देता येतो आणि तो द्यावाच. पण लक्षात घ्या, त्याने फक्त ब्राउझरचं घड्याळ बदलतं. टेस्टच्या कोडमधली तारीख टाइमझोनसकट वेगळी मागावी लागते.

पाइपलाइनमध्ये 'ट्रेसिंग' हा पर्याय 'रिटेन ऑन फेल्युअर' वर ठेवा. टेस्ट पडली की एक झिप फाइल मिळते. ती 'प्लेराइट शो-ट्रेस' ने उघडली की प्रत्येक कृतीच्या आधीचं आणि नंतरचं पान, नेटवर्क कॉल्स, कन्सोल, सगळं मागे-पुढे सरकवून बघता येतं. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य आमच्या टीममध्ये त्यामुळे बरंच कमी झालं.

रिट्राय, म्हणजे पडली की पुन्हा चालवा, जास्तीत जास्त एकदा. आणि दुसऱ्या खेपेला पास झालेल्या टेस्टची नावं कुठेतरी दिसली पाहिजेत. ती लपली की दोन महिन्यांत लाल रंगाकडे कुणी बघेनासं होतं.

पायरी ९: पसारा आवरणं, पण उशिराने

पेज ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्येक पानाचे लोकेटर आणि कृती एका क्लासमध्ये ठेवण्याची पद्धत, पहिल्याच दिवशी सुरू करू नका. तेच लॉगिन तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की करा, तोवर कशाचा क्लास व्हायला हवा ते आपोआप दिसलेलं असतं. एक टेस्ट दुसरीवर कधीच अवलंबून ठेवू नका. पहिलीने बनवलेली ऑर्डर दुसरी रद्द करते, अशी साखळी केलीत की एक कडी तुटल्यावर दहा टेस्ट लाल होतात आणि बग एकच असतो. लागणारा डेटा प्रत्येक टेस्टने स्वतः, शक्यतो एपीआयने (स्क्रीन वगळून थेट सर्व्हरशी बोलून), तयार करावा. ओटीपी आणि कॅप्चा स्क्रीनवरून सोडवायच्या भानगडीत पडू नका. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये ते बंद ठेवायला किंवा ठरावीक कोड चालवायला डेव्हलपरला सांगा.

आणि सगळंच ब्राउझरमधून तपासू नका. कराचे वीस वेगवेगळे दर तपासायचे असतील तर त्या वीस युनिट टेस्ट (कोडचा फक्त तेवढाच भाग तपासणाऱ्या) असाव्यात. ब्राउझरमधून एकच पुरे.

सॉसडेमोवर हात बसला की स्वतःच्या प्रोजेक्टच्या बग-यादीत जा आणि 'रीओपन' झालेला, दुरुस्त होऊन पुन्हा परत आलेला बग शोधा. प्रत्येक प्रोजेक्टवर असा एखादा असतोच, त्याला टोपणनावही असतं. तो पुढच्या खेपेला उगवेल तेव्हा डेव्हलपरने फिक्स करायच्या आत त्याची टेस्ट लिहा. ती लाल दिसेलच, मुद्दाम पाडायची गरज नाही.